डाव्या हातावरचे सहा चौकोन

माझा आजार असा नाही की विचारपूस करायला माणसं यावीत. ताप नाही, ऑपरेशन नाही, दवाखान्यात डबा पोचवण्यासारखं काही नाही. त्वचा कोरडी पडते, खाजते, तडकते, एवढंच. हे 'एवढंच' म्हणणाऱ्याच्या दहाही बोटांना एकदा चिरा पडाव्यात आणि मग त्याला लिंबू पिळायला सांगावं.

ज्यांना अशा चिरा आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. इतकी वर्षं मुलांना परीक्षानळ्या मोजून दिल्या आणि मोजून परत घेतल्या, त्यामुळे घरातही माझं सगळं यादीनं चालतं. आजार आला तेव्हा त्याचीही वही झाली. पुढचं बरंचसं त्या वहीतून घेतलं आहे. त्यात माझी एक मोठी चूकही आहे आणि ती वाचणाऱ्याच्या सर्वांत जास्त उपयोगाची आहे.

पाण्याची शिस्त

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. गाडी येण्याच्या कितीतरी आधी आमच्या घराला पाण्याची शिस्त लागली होती. प्यायला टँकरचं, बाकी सगळ्याला बोअरचं. बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की बादलीच्या कडेला पांढरा थर धरायचा. अंघोळ अर्ध्या बादलीत, तीही प्लास्टिकच्या टबात बसून. टबात साठलेलं पाणी बादलीनं उपसून संडाससाठीच्या पिंपात न्यायचं, उरलेलं अंगणातल्या कढीपत्त्याला. हे काम माझं होतं, कारण इतर कोणी केलं की अर्धं पाणी वाटेत सांडायचं.

कॉलेजातही तेच. नळ बंद पडले होते. धुण्याच्या पावडरीचं एक बादली पाणी करायचं आणि त्याच पाण्यात दिवसभराच्या सगळ्या तुकड्यांच्या परीक्षानळ्या धुवायच्या. माझी त्वचा जन्मापासून कोरडी. लहानपणी पायांवर नखानं नाव लिहिता यायचं. आई करडईचं तेल चोळायची आणि तेवढ्यावर भागायचं. त्या वर्षी भागलं नाही. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवे, मग कोपरापर्यंत लाल, खरखरीत चट्टे आले.

प्रज्ञाचे पप्पा, म्हणजे माझे यजमान, कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून. त्यांच्या टेबलावर तेव्हा दोनच विषय होते. एक टँकरची गावं, दुसरा नव्या जिल्ह्याची गावं. उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा होती आणि कोणतं गाव किती किलोमीटरवर याचे तक्ते ते घरीसुद्धा आणायचे. मी हात दाखवला की चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "तेल लाव की." मग पुन्हा तक्ता.

सरकवलेलं ताट

प्रज्ञा आमची एकुलती एक. नांदेड जिल्ह्यात, उदगीरच्या पलीकडे, मुखेडला दिलेली. तिला पाचवा महिना लागला तेव्हा तिच्या सासूबाई तिला सोनोग्राफीसाठी लातूरला घेऊन आल्या आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबल्या. आम्ही एकमेकींना ईनबाई म्हणतो, आमच्याकडे विहिणीला तसंच म्हणतात.

मी भाकरी थापत होते. चिरेतलं रक्त पिठाला लागू नये म्हणून दोन बोटांना चिकटपट्टी लावली होती. ईनबाई चुलीशेजारी पाटावर बसून माझे हात बघत होत्या. ताट वाढलं तेव्हा त्यांनी ते हळूच बाजूला सरकवलं. भूक नाही म्हणाल्या. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालेल्या बाईला दुपारी दोनला भूक नव्हती.

माझी आई लहानपणी गावच्या विहिरीवर ओंजळ धरून उभी राहायची आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. ती हे सांगायची तेव्हा मला ते दुसऱ्याच जगातलं वाटायचं. आम्ही बौद्ध, ईनबाईही बौद्ध. माझ्याच घरात माझ्याच माणसानं ताट सरकवलं त्या दुपारी मला आईची ती ओंजळ कळली.

चार दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. सासूला ती आत्याबाई म्हणते. मग म्हणाली, "आई, आत्याबाई म्हणायल्यात, बाळंतपण मुखेडलाच करू."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे बोलून ठरवायची गोष्टच नसते. बाळाची पहिली अंघोळ आईच्या आईनं घालायची, तेल चोळायचं, शेक द्यायचा, सव्वा महिना. माझ्या आईनं प्रज्ञाला अशीच वाढवली होती. मी प्रज्ञाला कारण विचारलं. ती आधी सांगेना, मग म्हणाली की आत्याबाईंच्या मावशीला महारोग होता आणि तिचं असंच हातापासून सुरू झालं होतं.

सातव्या महिन्यात मुखेडला डोहाळजेवण होतं. ते झालं की एकतर मी प्रज्ञाला घेऊन येणार होते, नाहीतर ती तिथंच राहणार होती. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं: दोन महिने. हात.

निदानाचा दिवस

त्याआधी एक मूर्खपणा केला. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली. चार दिवसांत हात लोण्यासारखे झाले. मी खूश. ट्यूब संपली आणि आठवड्यात सगळं दुप्पट होऊन परत आलं. कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते, झटपट गोरं किंवा गुळगुळीत करणारं मलम डॉक्टरला दाखवल्याशिवाय लावू नका.

मग सरकारी दवाखान्यात गेले. केसपेपरची रांग, मग त्वचेच्या विभागाची रांग. माझ्यापुढे औशाकडचे एक म्हातारे आजोबा होते, अंगभर खाज. त्यांनी माझे हात बघितले, आपली पाठ दाखवली, आणि आम्ही दोघं बराच वेळ कोणाची खाज वाईट यावर वाद घालत बसलो. हरले ते. त्या आठवड्यात मी हसले ते तेवढंच.

डॉक्टर मॅडम प्रज्ञापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मी बसल्याबरोबर म्हणाले, "महारोग आहे का ते आधी सांगा." त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसानं हातावर ठिकठिकाणी स्पर्श केला. प्रत्येक वेळी मला कळलं. "नाही," त्या म्हणाल्या, "हा एक्झिमा आहे. कोणाला लागत नाही. लेकराला तर अजिबात नाही."

मी विचारलं, बरा होतो का. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुमची त्वचाच अशी आहे, म्हणाल्या, साखरेच्या आजारासारखं समजा. सांभाळलं तर आटोक्यात राहतो. मोजक्या दिवसांसाठी एक मलम दिलं, परीक्षानळ्या हातमोज्याशिवाय धुवायच्या नाहीत असं बजावलं, साबण कमी करायला सांगितला आणि म्हणाल्या, अंगाला ओलावा टिकवणारं काहीतरी भरपूर लावा, दिवसातून तीनदा.

"काहीतरी म्हणजे काय?"

"जे परवडेल आणि जे रोज लावाल, ते. हवं तर हे एक क्रीम लिहून देते."

प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईला हे उत्तर पटण्यासारखं नव्हतं.

सहा चौकोन

घरी येऊन डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, बॉलपेननं सहा चौकोन आखले. एकात करडईचं तेल, दुसऱ्यात खोबरेल. तिसऱ्यात ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. चौथ्यात पेट्रोलियम जेली. पाचव्यात प्रज्ञानं मागच्या दिवाळीला दिलेलं सुवासिक लोशन. सहाव्यात दवाखान्यातून लिहून दिलेलं युरियाचं क्रीम.

"युरिया?" प्रज्ञाचे पप्पा म्हणाले. "शेतात टाकतेत ते?"

"तेच. पण कमी."

"बघ बाई, हाताला कणसं येतील."

रोज अंघोळीनंतर एकदा लावायचं. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर प्रत्येक चौकोनावर नखानं हलकी रेघ ओढायची. कोरड्या त्वचेवर पांढरी रेघ उठते, ओलावा असेल तर उठत नाही. शून्य ते पाच गुण, रेघ अजिबात उठली नाही तर पाच. वहीत तारीख, सकाळी लावल्याची वेळ, गुण.

दहा दिवसांनी निकाल स्पष्ट होता. पहिला नंबर करडईचं तेल, दुसरा खोबरेल. बाकी चौघांचं काही खरं नव्हतं. जेलीसुद्धा आणि डॉक्टरांचं क्रीमसुद्धा पांढरी रेघ दाखवत होतं. मला आनंद झाला, खोटं का बोलू. आईचं तेल जिंकलं होतं. कॉलेजात सगळ्यांना सांगितलं, प्रज्ञाला फोन केला, बाकीच्या बाटल्या कपाटात ढकलल्या आणि दोन्ही हातांना, तळव्यांना, सगळीकडे करडई सुरू केली.

तीन आठवड्यांनी अंगठ्याची चीर इतकी खोल गेली की मला ताटलीतला खडेमिठाचा कण उचलता येईना. डोहाळजेवणाला महिना उरला नव्हता.

त्या दिवसांत मी घरात फार वाईट वागले. प्रज्ञाच्या पप्पांनी पाण्याचा तांब्या नीट झाकला नाही म्हणून त्यांना नको ते बोलले. ते म्हणाले, नवा जिल्हा झाला की मुखेडच्या लोकांना मोठा दवाखाना जवळ पडेल, तिथंच बाळंतपण झालं तर बिघडलं कुठं. हे ते मला समजवायला म्हणाले होते. मी त्यांचा तक्ता उचलून चुलीत घालायच्या बेतात होते. घातला नाही, कारण त्याची दुसरी प्रत नव्हती. मी शाळेत असताना आमचा लातूरच नवा जिल्हा झाला होता. तेव्हाही मोठी माणसं म्हणायची, आता सगळं जवळ येणार. माझी लेक तेव्हा मला फार लांब वाटत होती.

पंचवीस मिनिटं

वही घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते म्हणा ना. डॉक्टर मॅडमना सांगितलं की तुमच्या क्रीमपेक्षा तेल सरस निघालं आणि तेलानंही हात बिघडले, आता काय लावू.

त्यांनी वही हातात घेतली आणि चक्क वाचली. बाहेर रांग होती तरी वाचली. मग एका रकान्यावर पेन टेकवून म्हणाल्या, "ताई, एक आणि दोन नंबरच्या चौकोनांना वेळ लिहिली आहे सहा दहा. तीन ते सहाला सहा पस्तीस. रोजच. मधली पंचवीस मिनिटं काय करता?"

मी म्हणाले, पाणी नेते. टबातलं.

सांगता सांगताच चूक माझ्या लक्षात आली. तेलाच्या दोन्ही बाटल्या न्हाणीतल्या फळीवर होत्या. अंघोळ झाली की तिथंच, ओल्या अंगावर, पहिले दोन चौकोन उरकायचे. मग टबातलं पाणी उपसायचं, पिंप भरायचं, कढीपत्त्याला घालायचं. मग खोलीत येऊन कपाटातल्या चार वस्तू लावायच्या, तोपर्यंत हात उन्हात वाळलेल्या पापडासारखा. मी सहा वस्तूंची तुलना केलीच नव्हती. मी ओल्या कातडीची कोरड्या कातडीशी तुलना केली होती आणि दहा दिवस तिला गुण दिले होते. पुढे सगळ्या हातांना तेल लावायला लागले तेव्हा तेही पाणी नेऊन झाल्यावर. कारण तेलकट हातातून बादली निसटते.

"अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "अंग रगडून पुसू नका, नुसतं टिपा. ओल असतानाच वरून झाकण घाला. ही वस्तू बाहेरून पाणी आणत नाही, ताई, आहे ते जाऊ देत नाही. पाणी नंतर न्या."

"पाणी नंतर नेलं तर हात पुन्हा त्यातच जातात."

"मग घरात दुसरं कोणी नाही का?"

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारला नव्हता.

दुसरा प्रयोग

प्रज्ञाच्या पप्पांना मी रात्रीच्या जेवणाआधी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीच्या दाराबाहेर बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. "झालं का?" म्हणाले. कचेरीत ज्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास शिपाई ठेवतो त्या माणसानं माझ्या अंघोळीचं पाणी उपसलं. पहिल्या दिवशी निम्मं ओट्यावर सांडलं. मी बघितलं आणि तोंड मिटून क्रीम लावत बसले. माझ्या आजारपणात मी केलेलं सर्वांत कठीण काम ते होतं.

सहाही वस्तू न्हाणीत आणल्या. रोज क्रम बदलला. सगळं तीन मिनिटांत. आता निकाल असा आला, आणि हा माझ्या कातडीचा निकाल आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

पेट्रोलियम जेली सगळ्यांत वरचढ. संध्याकाळपर्यंत रेघ उठत नाही. पण चिकट, लावून खडू-वही धरता येत नाही, म्हणून ती घरी आणि झोपताना, वरून सुती मोजे. युरियाचं क्रीम तिच्या पाठोपाठ आणि अंगात मुरतं, म्हणून कामाच्या वेळी तेच. मात्र उघड्या चिरेवर लावाल तर डोळ्यांतून पाणी येईल, चीर भरेपर्यंत थांबा. ग्लिसरीन नुसतं लावलं तर मला ओढ बसते, पाणी मिसळून ओल्या अंगावर लावलं तर चांगलं. खोबरेल बरं. करडई त्याच्या खाली. आईची क्षमा मागून लिहिते. सुवासिक लोशनच्या चौकोनात चौथ्या दिवशी लाल पुरळ आलं, ते बंद केलं आणि प्रज्ञाला अजून सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांत चट्टे फिके पडले. बोटांच्या चिरा एकेक करून मिटल्या. वहीत मी मिटलेल्या चिरेवर बरोबरची खूण करत होते. नऊ खुणा झाल्या. उजवा अंगठा मात्र हटून बसला.

मुखेड

डोहाळजेवणाला आम्ही एसटीनं गेलो. पिशवीत केसपेपर, डॉक्टर मॅडमनी मराठीत लिहून दिलेली चिठ्ठी, आणि वही. सगळे कागद क्रमानं लावले होते.

प्रज्ञाला फुलं माळून झाली, बायका ओटी भरून जेवायला बसल्या, तेव्हा ईनबाईंनी मला आत बोलावलं. मी चिठ्ठी काढली. त्यांनी ती घेतली नाही. "कागद ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, "हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट केले, उजेडाकडे धरले. मग काही कळायच्या आत माझा उजवा अंगठा चिरेवरच कचकन दाबला. मी ओरडले. बाहेरच्या दोन बायका आत डोकावल्या.

"दुखलं?"

"दुखणार नाही तर काय होईल? ओली जखम आहे ती."

"लई दुखलं?"

"हाव, लई."

ईनबाई खाली बसल्या. पदरानं डोळे पुसले. "मावशीला दुखत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तव्याला हात चिकटला तरी तिला कळायचं न्हाई. आम्ही पोरी वासावरून वळखायचो. मी तव्हा आठ वर्षांची होते. घरच्यांनी तिला वेगळं ताट दिलं, मग वेगळी झोपडी दिली. तुमच्या घरी मी ताट सरकवलं ना, ते मला तव्हापासून खायालंय."

मला त्यांना बरंच काही सुनवायचं होतं. यादीच करून नेली होती. त्यातलं एकही वाक्य बोलले नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि नवा जिल्हा होऊन दवाखाना जवळ आला की मुखेडलाच बाळंतपण करू असं आमचे हे म्हणतात, एवढं सांगून निर्णय त्यांच्यावर सोडला.

"जिल्ह्याचं काय," ईनबाई म्हणाल्या, "तो होईल तव्हा होईल. पोटातलं लेकरू थांबतंय का? घेऊन जा पोरीला."

पहिली अंघोळ

मुलगी झाली. लातूरलाच, वेळेवर, नीट. शहरात तेव्हाही टँकरच चालू होते, पण शेजारच्या तीन घरांनी आपापल्या वाट्यातली एकेक घागर न सांगता आमच्या दारात आणून ठेवली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर बाळाला पहिली अंघोळ घालायची त्या दिवशी ईनबाई मुद्दाम मुखेडहून आल्या. माझा अंगठा आदल्याच आठवड्यात भरला होता, तरी मनात भीती होती. कुठं खरखर राहिली असेल, बाळाच्या नाजूक अंगावर ओरखडा उठेल. म्हणून मी पातळ सुती हातमोजे घालून पायांवर बाळ घ्यायला बसले.

ईनबाईंनी ते बघितले. "हे काय घातलंय?"

मी कारण सांगितलं.

"काढा," त्या म्हणाल्या. "लेकराला कळू द्या कोणाचा हात हाय ते."

मी मोजे काढले. ईनबाईंनी पाणी घातलं, मी चोळलं. बाळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेंबीच्या देठापासून रडलं. गप्प बसलं वगैरे काही झालं नाही. अंगावर ओरखडा मात्र उठला नाही. मी तिला टिपलं, दुपट्यात गुंडाळलं आणि प्रज्ञाच्या कुशीत दिलं. संध्याकाळी अंगठ्याची कड पुन्हा थोडी उकलली. मी वहीत नोंद केली, जेली लावली आणि मोजा चढवला.

दुसऱ्या दिवशी पाणी तापलं तेव्हा मी अंगठ्याकडे बघत जराशी मागेच राहिले. प्रज्ञानं आतून विचारलं, आज बाळाला कोण घालणार आहे अंघोळ.

ईनबाई पाण्यात कोपर बुडवून ऊब बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कालचेच हात."